गुडघा किंवा खुबा बदलताना: निकाल स्वतः मोजायची पद्धत

"ऑपरेशन मस्त झालं" हे वाक्य फिजिओथेरपीच्या टेबलापाशी मी इतक्यांदा ऐकलंय, की आता लगेच विचारते, कुणाच्या मते? सर्जनच्या मते मस्त म्हणजे एक्स-रेमध्ये सांधा सरळ बसलाय, जखम कोरडी आहे. सांधेबदलांच्या राष्ट्रीय नोंदण्या ठेवणाऱ्यांच्या मते मस्त म्हणजे बसवलेला सांधा पुन्हा काढावा लागला नाही. आणि ज्याचा पाय आहे, त्याच्या मते?

एक काकू ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी माझ्याकडे आल्या. एक्स-रे बघत राहावा असा, गुडघा ११५ अंशांपर्यंत वाकत होता. म्हणाल्या, "ताई, सगळे म्हणतात छान झालंय. मग जिना मी अजून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत का उतरते?" मी विचारलं, आधी कशा उतरत होतात? त्यांना आठवेना. मुलाला आठवेना. फाइलमध्ये रक्तातल्या साखरेपासून छातीच्या एक्स-रेपर्यंत सगळं होतं, पण बाई जिना कसा उतरत होत्या ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे त्यांचा पाय सुधारला की बिघडला, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच सांगता येईना.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एक साधी वही लागेल. आजच आणा.

पहिली पायरी: दुखणं नक्की कुठलं?

"गुडघे गेलेत" असं म्हणत येणाऱ्या प्रत्येकाचे गुडघे गेलेले नसतात. एका गृहस्थांनी आठ महिने गुडघ्याला शेक दिला, पट्टा बांधला, गुडघ्यात इंजेक्शनही घेतलं. मी त्यांना पाठीवर झोपवलं, पाय गुडघ्यात आणि खुब्यात काटकोनात वाकवला आणि पाऊल हलकेच बाहेरच्या बाजूला नेलं. या हालचालीत मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला फिरतं. ते ओरडलेच, आणि हात गेला जांघेत. दोष खुब्याचा होता. खुब्याचं दुखणं मांडीच्या पुढून उतरून गुडघ्यात जाणवतं, कधीकधी फक्त गुडघ्यातच. मोजे घालताना किंवा पायाची नखं कापताना अडत असेल, तर खुब्याचा एक्स-रे काढायला सांगाच.

दुसरा प्रश्न, वात कुठला? झिजेच्या संधिवातात सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो आणि दुखणं वापराने वाढतं. आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइडमध्ये, आखडलेपणा तास-तासभर सुटत नाही, हाताच्या बोटांचे लहान सांधे सुजतात, दोन्ही बाजूंचे सांधे धरतात. हा फरक ओळखायला उशीर झाला तर मोठं नुकसान होतं. आमवातावर सांधे वाचवणारी औषधं आहेत आणि ती पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाली तर सर्वांत चांगली लागू पडतात. त्यांतलं मुख्य मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणून गोळीचा वार वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

एक्स-रेवर "ग्रेड फोर" लिहिलेलं बघून घाबरायचं कारण नाही. १९५७ पासून वापरात असलेली केलग्रेन आणि लॉरेन्स यांची ही श्रेणी शून्यापासून चारपर्यंत जाते आणि फक्त हाडांचं चित्र सांगते. ग्रेड फोर घेऊन मैलभर चालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ग्रेड दोनवर रात्र रात्र जागणारीही. उलट झीज किरकोळ आणि दुखणं मात्र प्रचंड असेल तर जास्त सावध व्हायला हवं, कारण अशांना गुडघा बदलूनही समाधान कमी मिळतं.

दुसरी पायरी: आजची स्थिती लिहून ठेवा

सगळ्या लेखातून एवढी एक पायरी जरी केलीत तरी पुरे.

ऑक्सफर्ड नी स्कोअर नावाची प्रश्नावली आहे. खुब्यासाठी तिचीच बहीण आहे, ऑक्सफर्ड हिप स्कोअर. बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ४८. गुण जितके जास्त, तितका सांधा चांगला. प्रश्न गेल्या चार आठवड्यांबद्दल असतात: रात्री दुखण्याने झोप मोडते का, खुर्चीतून उठताना किती त्रास होतो, किती वेळ चालल्यावर दुखणं असह्य होतं, लंगडता का, गुडघा अचानक दगा देतो का, जिना उतरता येतो का. डॉक्टरांकडे किंवा फिजिओकडे मागितली तर मिळते. भरा, तारीख घाला, वहीत चिकटवा.

तिच्याखाली तुमची स्वतःची तीन कामं लिहा. "बरं वाटावं" हे काम नव्हे. "न थांबता वीस मिनिटं चालणं", "कठड्याला न धरता जिना उतरणं", "रात्री एकदाही न उठता झोपणं" ही कामं. प्रत्येकासमोर आज किती जमतं ते लिहा.

शेवटी एक मोजणी. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. हात छातीवर दुमडा, कुणाला तरी घड्याळ धरायला सांगा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. तोल जात असेल तर एकट्याने करू नका. आकडा चार आला तरी चालेल. तो चार होता हे वर्षभराने कळायला हवं, एवढंच.

तिसरी पायरी: ऑपरेशनाविना खरोखर तीन महिने

"व्यायाम करून बघितला, काही झालं नाही," असं सांगणाऱ्यांना मी विचारते, किती आठवडे? उत्तर बहुधा दोन असतं, तेही आडून आडून. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू मजबूत व्हायला बारा आठवडे तरी लागतात आणि व्यायामाचं वजन हळूहळू वाढवावं लागतं. आडवं पडून पाय उचलणं ही सुरुवात झाली. तेवढ्यावर वर्ष काढून भागत नाही.

डेन्मार्कमध्ये गुडघा बदलायला पात्र असलेल्या शंभर जणांची चाचणी झाली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना ऑपरेशन आणि सोबत व्यायाम, आहाराचा सल्ला, बुटातली गादी, औषधं वगैरे. निम्म्यांना ऑपरेशन सोडून बाकी सगळं. वर्षभराने लक्षणीय सुधारणा पहिल्या गटात ८५ टक्क्यांना होती, दुसऱ्यात ६७ टक्क्यांना. ऑपरेशनने जास्त फायदा झाला, यात वाद नाही. पण गंभीर त्रासाच्या घटनाही पहिल्या गटात २४ होत्या, दुसऱ्यात ६. आणि बिगर-ऑपरेशनच्या गटातल्या साधारण चौघांपैकी एकानेच त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं. हे आकडे मी दोन्ही बाजूंच्या हट्टी लोकांना दाखवते.

वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. जवळजवळ सगळे दुखऱ्या बाजूला धरतात, आणि मग खुब्यावरचा भार हवा तसा कमी होत नाही.

औषधांत गुडघ्यासाठी सूज उतरवणारं मलम आधी, मग गोळ्या, त्याही किडनी, जठर, हृदय यांचा विचार करून आणि थोड्याच दिवसांसाठी. ग्लुकोसामीनवर पैसे घालवू नका असं माझं मत आहे, चांगल्या चाचण्यांत त्याचा ठसा उमटलेला नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. पण दर तीन महिन्यांनी, सलग दोन वर्षं देऊन पाहिलेल्या चाचणीत मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा दुखणं जास्त कमी झालं नाही आणि कूर्चा मात्र जास्त झिजली. शिवाय स्टेरॉइड घेतल्यावर तीन महिने तरी त्या सांध्याचं ऑपरेशन करत नाहीत, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दुर्बिणीने सांधा "धुऊन साफ" करण्याचं म्हणाल, तर २००२ मध्ये खोट्या ऑपरेशनशी, म्हणजे नुसत्या चिऱ्यांशी, त्याची तुलना झाली आणि दोन्ही गट सारखेच निघाले.

चौथी पायरी: आकडे समोर ठेवून निर्णय

खुबा बदलण्याचं आजचं रूप जॉन चार्नले यांनी इंग्लंडमध्ये घडवलं. खुब्याचा गोळा ज्यात फिरतो त्या त्यांच्या पहिल्या वाट्या टेफ्लॉनच्या होत्या आणि काही वर्षांतच झिजल्या, ऑपरेशनं पुन्हा करावी लागली. १९६२ च्या अखेरीस त्यांनी पॉलिथिलीनची वाटी बसवली आणि तिथून गाडी रुळावर आली. सांगायचा मुद्दा असा, की या शस्त्रक्रियेत नव्याचं कौतुक वर्षं उलटल्यावरच करावं. धातूवर धातू घासणारे खुबे टिकतील म्हणून मोठ्या उत्साहाने आले, धातूच्या कणांनी आजूबाजूचं मांस खराब केलं आणि २०१० मध्ये त्यांतला एक प्रकार जगभरातून परत मागवावा लागला. यंत्रमानवाच्या मदतीने हाड जास्त अचूक कापलं जातं हे खरं, पण म्हणून माणसाला जास्त बरं वाटतं हे अजून ठामपणे दिसलेलं नाही. त्यापेक्षा सर्जन वर्षाला असे किती सांधे बदलतात, ते विचारा.

आता टिकाऊपणा. अनेक देशांच्या नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले. पंचवीस वर्षांनी पूर्ण बदललेले गुडघे सुमारे ८२ टक्के जागेवर होते, अर्धे बदललेले ७० टक्के, खुबे ५८ टक्के. पंधरा वर्षांचा हिशेब धरला तर पूर्ण गुडघा आणि खुबा दोन्हींत दहांतले नऊ टिकलेले. पंचवीस वर्षं जुने सांधे जुन्या प्लॅस्टिकचे होते हे विसरू नका, आजचं प्लॅस्टिक पुष्कळ कमी झिजतं. वयाचा फरक मात्र मोठा आहे. सत्तरीनंतर गुडघा बदलला तर हयातीत पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास, आणि पन्नाशीच्या सुरुवातीला बदलणाऱ्या पुरुषांत ३५ टक्क्यांपर्यंत. "आत्ताच उरकून टाकू" म्हणणाऱ्या ५२ वर्षांच्या माणसाने हा आकडा वहीत लिहावा.

पण सांधा टिकला म्हणजे माणूस सुखी झाला असं नाही. खुबा बदललेल्यांपैकी दहांतल्या एकाला पुढेही लक्षणीय दुखणं राहतं. गुडघ्यात हे प्रमाण पाचांत एक. खुबा म्हणजे वाटी आणि गोळा. नवा बसवला की शरीर त्याला लवकर आपलं म्हणतं, कित्येकांना सहा महिन्यांत कुठला खुबा बदलला तेच आठवत नाही. गुडघा तसा नाही. तो वाकताना थोडा फिरतो, सरकतो, त्याला चहूबाजूंच्या दोऱ्यांनी सांभाळलेलं असतं. नवा गुडघा चांगला चालतो, पण तो नवा आहे हे जाणवत राहतं. कट-कट आवाज येतो, चिऱ्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते, गुडघे टेकून बसणं बहुतेकांना नकोसं होतं. हे आधी सांगितलं तर कुणी बिघाड समजत नाही. नंतर सांगितलं तर सारवासारव वाटते.

झीज गुडघ्याच्या एकाच बाजूला असेल तर अर्धा गुडघा बदलण्याबद्दल जरूर विचारा. तो लवकर बरा होतो, गुंतागुंत कमी, हालचाल जास्त नैसर्गिक. किंमत अशी, की पुन्हा ऑपरेशनची शक्यता जास्त.

पाचवी पायरी: शरीराची तयारी

तारीख ठरली की हातात सहा-आठ आठवडे असतात. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, आठच्या खाली आणा. बरेच सर्जन त्याहून कमी मागतात. तंबाखू आणि धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद. किडलेला दात, पायाला झालेली जखम, लघवीची जळजळ यांतलं काही लपवू नका, पुढे ढकलायला लागलं तरी बेहत्तर. हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण शोधून भरून काढा. आमवाताच्या रुग्णांनी मेथोट्रेक्सेट बहुधा चालूच ठेवायचं असतं, आणि आमवाताची जैविक (बायोलॉजिक) इंजेक्शनं घेणाऱ्यांचं ऑपरेशन पुढच्या डोसची वेळ येते तेव्हा ठरवतात. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

आणि व्यायाम चालू ठेवा. ऑपरेशनआधी गुडघा जितका वाकतो, त्यावरून नंतर किती वाकेल याचा सर्वांत चांगला अंदाज येतो.

सहावी पायरी: पहिले सहा आठवडे

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. वॉकर घ्या, लाजू नका. जिन्याचा नियम पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

घरी सोडल्यावर मी पहिल्यांदा बघायला जाते तेव्हा आधी अंथरुणाकडे नजर टाकते. दहांतल्या सात घरांत गुडघ्याखाली उशी असते. प्रेमाने ठेवलेली, मऊ, आणि घातक. गुडघा थोडा वाकवून ठेवला की दुखणं कमी वाटतं, म्हणून सगळे ठेवतात, आणि तीन आठवड्यांत गुडघा त्याच कोनात धरतो. मग तो पूर्ण सरळ होत नाही आणि माणूस आयुष्यभर लंगडतो. उशी काढा. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या, आणि दहा-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाचदा, तो आपल्या वजनाने खाली जाऊ द्या. वाकवण्याच्या मागे सगळे लागतात. सरळ होण्याकडे लक्ष ठेवणारा मीच एक खलनायक असते.

वाकण्याचं माप म्हणाल तर सहा आठवड्यांत ९० अंश ओलांडायला हवेत. नाही ओलांडले तर सर्जनला लगेच दाखवा. भूल देऊन गुडघा वाकवून देण्याचा उपाय पहिल्या तीन महिन्यांत चांगला लागू पडतो, नंतर चिकटलेलं सुटत नाही. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, दुखून झाल्यावर नव्हे. व्यायामानंतर दुखणारच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा.

खुब्यासाठी थोडंच. मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर सर्जन सांगतील तितके आठवडे ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत फिरवायचं नाही. खुबा निसटतो तो बहुधा बुटक्या खुर्चीतून उठताना किंवा खाली पडलेली वस्तू वाकून उचलताना.

रक्त पातळ ठेवणारी औषधं ठरलेल्या दिवसांपर्यंत घ्याच. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. धाप लागली, छातीत दुखलं तर त्याच मिनिटाला रुग्णालय.

जखमेतून पाणी येत असेल तर? माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही इथेच चुकलो. नवव्या दिवशी पट्टी ओली दिसली, जवळच्या डॉक्टरांनी फोनवर पाच दिवसांची अँटिबायोटिक सांगितली, पाणी थांबलं, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. तीन आठवड्यांनी गुडघा लाल. तोवर गोळ्यांमुळे तपासणीत जंतू नीट सापडेनात, आणि कुठला जंतू हे कळल्याशिवाय नेमकं औषध ठरेना. जंतुसंसर्ग शंभरांत एक-दोघांना होतो. पहिल्या काही आठवड्यांत पकडला तर सांधा उघडून धुऊन वाचवता येतो, उशीर झाला तर काढावा लागतो. म्हणून ऑपरेशन केलेल्या सर्जनने बघितल्याशिवाय, गरज वाटली तर सांध्यातलं पाणी तपासायला काढल्याशिवाय, एकही अँटिबायोटिक घेऊ नका.

सातवी पायरी: पुन्हा वही उघडा

तीन महिने, सहा महिने, एक वर्ष. त्याच बारा प्रश्नांची प्रश्नावली, तीच तीन कामं, तीच खुर्ची. आधीचं पान झाकून उत्तरं द्या, मग शेजारी ठेवा. एक-दोन गुणांच्या फरकाला अर्थ नाही, पाच गुणांहून जास्त वाढ माणसाला खरोखर जाणवते. तीन महिन्यांना निराश होऊ नका, गुडघा वर्षभर सुधारत राहतो. तेवढा काळ तो हाताला गरमही लागू शकतो.

वर्षानेही आकडा हलला नसेल तर "सवय होईल" या उत्तरावर घरी जाऊ नका. कारण शोधायचं असतं: जंतुसंसर्ग, ढिला पडलेला भाग, चुकलेला कोन, गुडघ्याच्या वाटीचं दुखणं, आणि सांध्याबाहेरची कारणं, म्हणजे खुबा किंवा कंबर. कारण सापडलं तर दुरुस्ती होते. कारण न सापडता केलेलं दुसरं ऑपरेशन क्वचितच फळतं, त्याला घाईने होकार देऊ नका.

त्या काकूंचं कोडं आम्ही असंच सोडवलं. आधीची नोंद नव्हती, म्हणून त्या दिवसाला पहिला दिवस मानलं. खुर्चीतून उठणं तीस सेकंदांत सहा. दुसऱ्या, न बदललेल्या पायाची मांडी टेपने मोजली तर तीच जास्त बारीक भरली. जिना उतरताना वरच्या पायरीवरचा पाय शरीराचं सगळं वजन तोलत हळूहळू वाकावा लागतो, आणि तो जुना पाय ते करत नव्हता. दोष नव्या गुडघ्याला लागला होता. दहा आठवडे आम्ही जुन्या पायाचा व्यायाम घेतला. आकडा अकरावर गेला आणि त्या एकाआड एक पाय टाकत उतरल्या, कठड्याला एक बोट लावून.

वहीचं शेवटचं पान रिकामं ठेवा. बसवलेल्या प्रत्येक भागासोबत चिकटपट्ट्या येतात, त्यांवर बनावट, माप आणि क्रमांक असतो. त्यांची एक प्रत रुग्णालयातून घरी निघण्याआधी मागून तिथे लावा. पंधरा वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या सर्जनला त्या गुडघ्यातला फक्त प्लॅस्टिकचा तुकडा बदलायचा असेल, तर तो पहिल्यांदा हेच पान विचारेल.